किल्लारीने तंत्र दिलं, की नुसती फाइल हलवली?

तुळई
‘आपत्ती ही तंत्रज्ञानाची आई’ छापाचा एक लेख फिरतोय. त्याचा दावा असा की १९९३ च्या किल्लारीमुळे भारतात भूकंपरोधक बांधकामाचं तंत्र जन्माला आलं. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आयएस ४३२६ ही भूकंपरोधक बांधकामाची भारतीय मानक संहिता १९६७ पासून आहे. लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या तुळईच्या, पातळीवर सगळ्या भिंतींतून फिरणारा सलग पट्टा तिच्यात आहे. काँक्रीटच्या डक्टाइल डिटेलिंगचे (एकदम तुटू नये, आधी वाकावं म्हणून सळया कशा घालायच्या त्याचे) नियम १९७६ च्या आवृत्तीत आले. त्याच डिटेलिंगची आयएस १३९२० संहिता भूकंपाच्याच वर्षी निघाली म्हणून किल्लारीला श्रेय द्यायचं? संहिता काय दोन-तीन महिन्यांत लिहून होते?

पडलं काय ते बघा. जाडजूड दगडी भिंत, दोन पदरांची, मधे चिखल आणि चिपा. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. वर लाकडी माळवद आणि त्यावर फूट-दोन फूट माती. हादरा बसला की आतला पदर आत, बाहेरचा बाहेर आणि माती झोपलेल्या माणसांवर. आरपार दगड घालायला कुठलं संशोधन लागतं?

कोळसा_इंजिन
अर्धवट इतिहास आहे हा. तो पट्टा आला कुठून? १९३१ ला बलुचिस्तानात माचचा भूकंप झाला. त्यानंतर रेल्वेचे इंजिनीअर एस. एल. कुमार यांनी जुने रूळ वापरून क्वेट्ट्यात क्वार्टर्स बांधली. ३१ मे १९३५ ला क्वेट्टा जमीनदोस्त झालं, ती क्वार्टर्स उभी राहिली. आपत्तीतूनच आलं ना हे?

आणि कोयना? धरण १०३ मीटरचं, डिझाइनला भूकंप गुणांक ०.०५, म्हणजे वजनाच्या ५ टक्के आडवा जोर, धरलेला. ११ डिसेंबर १९६७ ला धरणावरच्याच यंत्राने ०.६ जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) वर नोंद केली. खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्याच पातळीला आडव्या भेगा गेल्या. बट्रेस (मागून टेकू देणाऱ्या भिंती) लावून ते मोनोलिथ, म्हणजे धरणाचे सलग ठोकळे, बळकट करावे लागले. भूकंपाच्या धोक्याच्या नकाशातून ‘शून्य’ झोन गेला तो १९७० ला. हे कुणाला आधी माहीत होतं?

तुळई
कोयना मान्य, घ्या. पण क्वेट्ट्याने माझंच म्हणणं सिद्ध झालं. १९३५ ला कळलेलं आणि १९९३ ला लातूर कुठल्या झोनमध्ये? एकमध्ये, म्हणजे सगळ्यात निर्धास्त. झोन तीन मिळायला २००२ उजाडलं.

रिंगमास्टर
झोन तीन मिळून तरी काय झालं? कुठल्याही साइटवर जाऊन कॉलमची रिंग (उभ्या सळयांना वेढणारी आडवी सळई) बघा. तिच्या टोकांचा हूक ९० अंशांत. कॉलम हलला की आधी कव्हर (सळयांवरचं बाहेरचं काँक्रीट) सुटतं, ९० चा हूक उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. १३५ चं टोक आतल्या गाभ्यात रुततं, म्हणून ते टिकतं. आयएस १३९२० प्रमाणे १९९३ ला टोक सळईच्या व्यासाच्या १० पट, किमान ७५ मिमी हवं होतं. २०१६ ला ६ पट, किमान ६५ झालं. दोन टोकांचं मिळून १३ सेंमी. आठची सळई मीटरला ०.३९५ किलो, म्हणजे रिंगमागे जेमतेम ५० ग्रॅम. एवढ्यासाठी बिल्डिंग पणाला लावायची?

दर_चौफूट
साहेब, लोखंड ५० ग्रॅम, पण मजुरी? फिटर ९० चा हूक एका झटक्यात मारतो. १३५ च्या रिंगा वरून ओवताना टोकं सळयांना अडतात. बीम-कॉलमच्या सांध्यात तर व्हायब्रेटरची सुई जात नाही. मग हनिकोम्ब (काँक्रीटमधल्या पोकळ्या) निघालं की तुम्हीच बोंबलणार. एसीत बसून संहिता वाचणं सोपंय.

रिंगमास्टर
म्हणून सांध्यातल्या रिंगा गाळायच्या? वा! रिंगा कॉलमच्या सळयांवर आधीच ओवून ठेवायच्या, बीमचं लोखंड बसलं की सरकवून अंतरावर बांधायच्या. हूक एकाच कोपऱ्यात न ठेवता आळीपाळीने चारही कोपऱ्यांत फिरवायचे. सांध्यात खडी २० ऐवजी १० मिमीची. आणि सगळ्या सळयांचा लॅप (एकमेकींना चिकटवून केलेला जोड) स्लॅबच्या डोक्यावर मारता ना? तो मजल्याच्या मधल्या निम्म्या उंचीत हवा. जास्त ताण येतो ते टोक आणि नेमका तिथेच जोड!

दर_चौफूट
मधे लॅप म्हणजे स्टार्टर (खालच्या मजल्यातून वर आलेल्या सळया) दीड-दोन मीटर उघडे. वाऱ्यात डोलतात, कव्हर बिघडतं. बांधून ठेवायला माणूस तुम्ही पाठवणार का? खडीचं तेवढं पटलं.

कोळसा_इंजिन
धागा कशावर होता? असो. तुळई, किल्लारीने नवीन काहीच दिलं नाही म्हणता? नव्या किल्लारीत एक शाळा आणि एक दुकानसंकुल रबरी बेअरिंगवर बसवलं. बेस आयसोलेशन, म्हणजे हादरा वर कमी पोचावा म्हणून इमारत पायापासून सुटी ठेवणं, देशात पहिल्यांदा तिथेच दिसलं. २००१ नंतर भूजचं चार मजली हॉस्पिटल त्याच तंत्रावर उभं राहिलं.

तुळई
आणि शिसं-रबराचं बेअरिंग निघालं ते न्यूझीलंडच्या प्रयोगशाळेत, १९७० च्या दशकात. किल्लारीत आलं ते प्रदर्शन.

खरं कामाचं निघालं ते उभ्या भिंतीत आरपार दगडाऐवजी काँक्रीट भरायचं काम. साधारण ७५ मिमीचं भोक, तोंडांशी रुंद, मधे अरुंद. आत ८ मिमीची हूक काढलेली सळई आणि १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. याला नवं म्हणायचं असेल तर म्हणा, माझी हरकत नाही.

दर_चौफूट
फक्त ते भोक छिन्नी-हातोड्याने पाडू नका. एक दगड हलला की शेजारचा पदर सुटतो. आधी दरज कोरायची, बारीक सळईने दगड वर-खाली, डावा-उजवा हलवत सैल करायचा आणि हाताने ओढून काढायचा. निम्मं काँक्रीट भरून मग सळई, मग उरलेलं. निदान १० दिवस पाणी. हेही मजुरीचंच काम आहे, रिंगमास्टर.