नौदल दिनाच्या (४ डिसेंबर) कार्यक्रमाचा फ्लेक्स (सोसायटी ग्रुप, शनिवार संध्याकाळ)

अण्णा, बी-३०४: सेक्रेटरी साहेब, गेटवरचा फ्लेक्स आत्ता पाहिला. माझ्या फोटोखाली '१९७१ च्या युद्धातील शूर योद्धा' असं छापलंय. मी गोव्यात दाबोळीच्या नौदल विमानतळावर रुजू झालो १९७२ साली. युद्ध ७१ च्या डिसेंबरातच संपलं होतं. फ्लेक्स उतरवा.

सेक्रेटरी: अण्णा, नमस्कार 🙏 भावना महत्त्वाची. नौदलात होतात ना? मग झालं तर.

अण्णा, बी-३०४: झालं काय? माझ्याबरोबरची माणसं अजून हयात आहेत. त्यांच्या ग्रुपवर हा फोटो फिरला तर मी काय तोंड दाखवू?

खजिनदार, ए-४०१: फ्लेक्सचे ९०० रुपये देऊन झालेत. दुसरा छापायला पैसे नाहीत. आधीच सांगून ठेवतो.

मंजिरी, ए-१०२: गणपतीत बरे होते 🙂

खजिनदार, ए-४०१: गणपतीचा हिशोब नोटीस बोर्डावर आहे. वाचता येतं त्यांनी वाचावा.

नलिनीताई, सी-२०१: सी विंगला गढूळ पाणी येतंय. टाकी कधी साफ होणार?

बंडूकाका, डी-५०२: फॉरवर्डेड: 'तुम्हाला माहीत आहे का? ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री गोव्याच्या दाबोळी तळावरून उडालेल्या आपल्या विमानांनी कराची बंदर बेचिराख केले!! खरे भारतीय असाल तर १० जणांना पाठवा 🇮🇳🇮🇳'

अण्णा, बी-३०४: बंडूभाऊ, हे साफ खोटं आहे. कराचीवर हल्ला केला तो क्षेपणास्त्र बोटींनी. आमची सी हॉक लढाऊ विमानं त्या दिवशी विक्रांत या विमानवाहू जहाजावर होती, बंगालच्या उपसागरात. ४ तारखेला त्यांनी कॉक्स बझारवर हल्ला केला, मग चितगाव. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता, पूर्ण वेग घेता येत नव्हता, तरी गेली. दाबोळीहून कराचीला जाऊन परत यायचं म्हणजे सी हॉकमध्ये तेवढं इंधनच मावत नाही.

बंडूकाका, डी-५०२: मला एका निवृत्त कर्नल साहेबांनी पाठवलंय.

अण्णा, बी-३०४: कर्नल आर्मीत असतात.

ओंकार, डी-१०१: 😂😂😂

बंडूकाका, डी-५०२: हा मेसेज डिलीट केला आहे

ओंकार, डी-१०१: अण्णा, पण युद्ध संपल्यावर तिकडे काम काय असायचं? म्हणजे निवांतच ना?

अण्णा, बी-३०४: निवांत?? उजाडलं की आम्ही रांग धरून रनवेवरून चालायचो आणि खडे वेचायचो. दाबोळीचं पठार सगळं जांभ्याचं. एक खडा इंजिनात ओढला गेला की इंजिन कामातून गेलं. सी हॉकचं इंजिन कार्ट्रिजवर, म्हणजे स्फोटक दारूच्या नळकांड्यावर सुरू व्हायचं, धाडकन आवाज, काळा धूर आणि फटाक्यांसारखा वास. मी स्वतः अलिझेवर होतो. पाणबुडी शोधणारं विमान, आत तीन माणसं, पोटातून खाली सोडायचं रडार, पंख दुमडणारे. विक्रांत मुंबईला गोदीत लागायची असली की विमानं आधीच उडून आमच्याकडे यायची. आली की पहिलं काम गोड्या पाण्याने धुणं. खारं पाणी सांध्यासांध्यात बसतं आणि आतून पत्रा पोखरतं, वरून काही दिसत नाही. पावसाळ्यात आमचे स्वतःचे कपडे वाळत नव्हते, तिथे विमान कोरडं ठेवायचं म्हणजे काय, विचार करा. वैमानिकांचं वेगळंच. रनवेवर जहाजाच्या डेकएवढा पट्टा रंगवलेला. त्यावर टेकायचं आणि लगेच वर, पुन्हा फिरून टेकायचं. ज्या दिवशी हा सराव त्या दिवशी आम्हाला जेवायला फुरसत नसायची. आणि लोकांना वाटतं युद्ध नाही म्हणजे सुट्टी.

मंजिरी, ए-१०२: किती छान अण्णा 👏 हेच सांगा ना कार्यक्रमात.

नलिनीताई, सी-२०१: गोड्या पाण्यावरून आठवलं. सी विंगची टाकी.

ओंकार, डी-१०१: माझी बजाज व्ही आहे. तिच्यात विक्रांतचं लोखंड आहे. म्हणजे मी पण थोडा नौदलातच 😎

अण्णा, बी-३०४: विक्रांत २०१४ ला मुंबईत दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथे, तोडली. त्यावर हसू नकोस.

ओंकार, डी-१०१: सॉरी आजोबा.

सेक्रेटरी: ती नौदलाची बाईक आठवडाभर व्हिजिटर पार्किंगमध्ये उभी आहे, तेही बघावं.

मंजिरी, ए-१०२: अण्णा, आम्ही २० ला गोव्याला चाललोय. मुलांना दाखवण्यासारखं काही आहे का तिकडे?

अण्णा, बी-३०४: बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सी हॉक, अलिझे दोन्ही आहेत. बाहेर सुपर कॉन्स्टेलेशन आहे, तीन शेपट्यांचं. ही कॉन्स्टेलेशन विमानं १९७६ ला हवाई दलाकडून आमच्याकडे आली. दाबोळीपासून जवळच आहे.

मंजिरी, ए-१०२: आमचं तिकीट मोपाचं आहे, गोव्याच्या दुसऱ्या विमानतळाचं 😔

बंडूकाका, डी-५०२: मोपावरून टॅक्सीवाले लुटतात. माझा एक ओळखीचा आहे, पर्सनलवर नंबर देतो.

सेक्रेटरी: विषयावर या कृपया. अण्णा, लोकांना थोडं थरारक हवं असतं हो. मुलं येणार आहेत. 'योद्धा' म्हटलं तर कुठे बिघडलं?

अण्णा, बी-३०४: बिघडतं. १० डिसेंबर १९७१ ला पश्चिम किनाऱ्यावर आमच्या स्क्वाड्रनचं एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटर लढाऊ विमानाने पाडलं. तिघेही गेले. मी रुजू झालो तेव्हा त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं तिथेच होती. आम्ही नवी पोरं चहाला बसलो की युद्धाचं विचारायचो. ते म्हणायचे, ग्रीसचा डबा आण. तुम्ही फ्लेक्सवर छापलेली ओळ त्या लोकांची आहे. मी तिच्याखाली खुर्ची टाकून बसणार नाही. माझं नाव काढायचं असेल तर कार्यक्रमातूनच काढा, मला राग नाही.

खजिनदार, ए-४०१: अण्णा, बरोबर आहे तुमचं. स्टिकर लावून घेऊ. ४० रुपयांत होईल. मी देतो.

मंजिरी, ए-१०२: स्वतःच्या खिशातून ना?

खजिनदार, ए-४०१: हो. पावती नको मला.

ओंकार, डी-१०१: फक्त १ वर २ चिकटवा, '१९७२ च्या युद्धातील'. १० रुपयांत काम.

सेक्रेटरी: ओंकार 🙏🙏

अण्णा, बी-३०४: 'नौदलात विमान देखभाल, दाबोळी' एवढंच लिहा.

शुभावहिनी, बी-१०३: एक मिनिट. ४ तारखेला मार्गशीर्षातला गुरुवार आहे आणि दत्तजयंती पण. हॉल संध्याकाळी ६ ला भजनी मंडळाने घेतलाय, पावती फाडून.

सेक्रेटरी: मला कुणी सांगितलं नाही.

शुभावहिनी, बी-१०३: ग्रुपवर तीनदा टाकलंय. तुमचे कोंबडे आणि गुड मॉर्निंग संपले की खाली दिसेल.

सेक्रेटरी: मग ५ ते ६ करू. अण्णा, चालेल?

अण्णा, बी-३०४: मला १५ मिनिटं पुरेत.

मंजिरी, ए-१०२: आणि वडापाव रद्द करा, अर्ध्या बायकांचा उपवास असेल. साबुदाणा खिचडी ठेवा.

खजिनदार, ए-४०१: वडापावचा ॲडव्हान्स दिलाय.

बंडूकाका, डी-५०२: माझा उपवास नाही, माझे दोन वडापाव धरा.

नलिनीताई, सी-२०१: टाकी.

अण्णा, बी-३०४: फ्लेक्स रात्रीत खाली नाही आला तर सकाळी मी शिडी लावतो.

सेक्रेटरी: अण्णा, शिडीला हात लावू नका, गुडघा सांभाळा. ओंकार चढेल. शिडी डी विंगच्या मीटर रूममध्ये आहे, चावी खजिनदारांकडून घे. आणि खाली उतरलास की ती बाईक हलव.