आधी कादंबरीकार, मग पटकथाकार

रूथ प्रॉवर झाबवालांना नुसतं 'मर्चंट-आयव्हरीच्या', म्हणजे निर्माते इस्माईल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी या जोडीच्या, 'पटकथाकार' म्हटलं जातं, ते मला फारच अपुरं वाटतं. या जोडीचा १९६३ चा 'द हाउसहोल्डर' हा सिनेमा झाबवालांच्याच कादंबरीवरचा! जन्म कोलोनच्या ज्यू कुटुंबात, १९३९ ला इंग्लंडमध्ये आसरा, १९५१ ला पारशी आर्किटेक्टशी लग्न करून दिल्ली, पुढे न्यूयॉर्क. नात्यातल्या किती माणसांना नाझींनी मारलं हे कळल्यावर वडिलांनी १९४८ मध्ये आत्महत्या केली. त्यांच्या लिखाणातला तटस्थपणा काहींना कोरडा वाटतो. मला त्यामागे हे सगळं दिसतं. १९७५ ची बुकरविजेती 'हीट अँड डस्ट' जरूर वाचा. १९२३ मधली ऑलिव्हिया आणि सत्तरच्या दशकातली निवेदिका, दोघींमध्ये कथा सिनेमासारखी थेट कट होते. पटकथेसाठी मिळालेले त्यांचे दोन्ही ऑस्कर या कादंबरीनंतरचे.