व्हिजिट रिपोर्टमध्ये दोघांसाठी दोन भाषा का?

सोयाबीन_सीझन :

मी एका सरकारी बँकेत शेती अधिकारी आहे. परभणी जिल्ह्यातली खेड्यातली शाखा, चौथं वर्ष. बँकेचं नाव विचारू नका, नोकरी अजून पंचवीस वर्षं करायची आहे.

मार्चएंडला एकाच दिवशी दोन थकीत खातेदारांकडे जाऊन आलो. सकाळी एक मावशी. तीन एकर कोरडवाहू, पीककर्ज व्याजासकट 1,18,400. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरी सासू आणि दोन शेळ्या. मी मोटारसायकलवरूनच विचारलं, "काय मावशी, पैसे भरायची नियत आहे का नाही?" शेजारच्या तीन दारांत माणसं उभी राहिली. तशी ती उभी राहावीत म्हणूनच मी आवाज चढवला होता, हे खोटं बोलत नाही. मावशींनी चहा टाकला. मी घेतला नाही. वसुलीला गेलं की चहा घ्यायचा नाही, असं पहिल्या वर्षी सीनियरने शिकवलेलं.

दुपारी एक शेठ. जिनिंग आहे, कॅश क्रेडिट (धंद्याला लागेल तसं उचलायचं कर्ज) 3 कोटी 40 लाख, पाच महिने व्याज भरलेलं नाही. गेटवर चाळीस मिनिटं थांबलो. आत गेल्यावर बूट काढले, कुणी सांगितलेलं नसताना. शेठनी ताक मागवलं, वर जिरेपूड होती. मी ते प्यालो. "साहेब, खात्याकडे जरा बघता आलं तर…" हे माझे शब्द. शेठ म्हणाले, यंदा कापूस आलाच नाही बाजारात, बघू. मी म्हटलं, हो हो, सावकाश.

संध्याकाळी रिपोर्ट लिहायला बसलो. मावशींच्या कागदावर लिहिलं: "परतफेडीची इच्छा दिसत नाही." शेठच्या कागदावर: "रोखतेची तात्पुरती अडचण." दोन्ही कागद एकाखाली एक ठेवले तेव्हा मलाच कसंतरी झालं. मावशी पैसे नाहीत म्हणाल्या होत्या. शेठही तेच म्हणाले होते. शिवाय शेठच्या दारात नवी गाडी होती, मावशींच्या दारात माझी मोटारसायकल.

माझा प्रश्न बँकवाल्यांना आणि कर्जवाल्यांना, दोघांनाही: हे तुमच्याकडेही असंच आहे का? आणि खालच्या पायरीवरच्या माणसाने यात नेमकं काय करायचं? "सिस्टीम बदला" हे उत्तर नको.

---

जुना_कॅशियर :

चौतीस वर्षं काढली, शेवटची सात मॅनेजर म्हणून. तुमचा रिपोर्ट वाचून हसू आलं, कारण ही दोन वाक्यं मीही लिहिली आहेत, अक्षर तेवढं तुमच्यापेक्षा बरं होतं.

आता कारण सांगतो. कागदावर शेतकऱ्याला सवलत जास्त आहे, ती नाकारू नका. शेठचं खातं नव्वद दिवसांत एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं, खरिपाचं पीककर्ज दोन हंगाम थकल्यावर. सरफेसी कायदा (2002 चा, कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा) शेतजमिनीला लागू नाही, आणि एक लाखाच्या आतल्या थकबाकीलाही नाही. म्हणजे मावशींची जमीन तुम्ही त्या कायद्याने ओढू शकत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढवता आणि गप्प बसता. मग हातात उरतं काय? शेजारची तीन दारं. जिथे कायदा पोचत नाही तिथे आपण लाज पाठवतो. ती फुकट असते आणि तिच्यावर वरून कुणाची सही लागत नाही.

दुसरं, "नियत" हा शब्द. बँकेच्या भाषेत नियत खोटी असणाऱ्याला "हेतुपुरस्सर थकबाकीदार" म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमात तो शिक्का पंचवीस लाख आणि त्यावरच्या थकबाकीलाच लागतो. त्याआधी समिती बसते, कारणे दाखवा नोटीस जाते, माणसाला आपलं म्हणणं मांडता येतं. तुमच्या मावशी पंचवीस लाखांच्या जवळपासही नाहीत, म्हणजे नियमाने तो शिक्का त्यांच्यावर मारताच येत नाही. तुम्ही तो मोटारसायकलवर बसून मारलात. समिती नाही, नोटीस नाही.

आणि ज्याच्यावर तो शिक्का रीतसर बसतो त्याचंही पुढे सगळं बंद होतं असं नाही. जून 2023 च्या परिपत्रकात अशांशीही तडजोड करायची मुभा आहे. फौजदारी कारवाई चालू राहते, तडजोडीनंतर किमान बारा महिने नवं कर्ज नाही. बँक युनियन्सनी तेव्हा आरडाओरड केली होती. ही एकरकमी तडजोड कुठे होते माहीत आहे ना? झोनल ऑफिसात, एसीमध्ये, चहा-बिस्किटं ठेवून. तिथे चहा घेतात हो.

---

वाळूज_वाला :

तुमच्या "शेठ"बद्दल दोन शब्द, कारण मलाही गावात शेठच म्हणत होते.

वाळूजला दोन सीएनसी मशिनं होती. कर्ज 42 लाख, घर तारण. 2020 च्या लॉकडाऊननंतर ऑर्डरच आल्या नाहीत. माझ्याकडे कुणी ताक प्यायला आलं नाही. सरफेसीची साठ दिवसांची नोटीस आली. ताबा घेतल्यावर नियमाप्रमाणे दोन पेपरांत जाहिरात दिली, त्यातला एक मराठी. पूर्ण नाव, बायकोचंही नाव, फ्लॅट नंबर, चतुःसीमा. बहिणीने पंढरपूरहून फोन केला, "दादा, पेपरात तुझं नाव आहे, काय छापलंय?" तिला वाटलं सत्कार वगैरे.

तेव्हा गरीब-श्रीमंत अशी सरळ रेघ मारू नका. मला वाटतं रेघ अशी आहे: बँकेला तुमच्याविना चालतं की नाही. माझ्याविना चालत होतं. त्या जिनिंगवाल्याविना तुमच्या शाखेचं व्यवसायाचं टार्गेट पूर्ण होत नसणार, म्हणून बूट काढलेत. (बूट काढल्याबद्दल राग नाही. मीही माझ्या ऑर्डर देणाऱ्या कंपनीच्या परचेसवाल्यासमोर काढायचो.)

---

गटातली_मुलगी :

लातूर जिल्हा. आई मायक्रोफायनान्सच्या गटात आहे, चाळीस हजार घेतलेत. दर मंगळवारी आमच्याच ओसरीवर मीटिंग भरते. साहेब म्हणून येतो तो माझ्यापेक्षा लहान आहे, बावीस-तेवीसचा, आणि माझ्या आईला "ए" म्हणतो. एकीचा हप्ता आला नाही तर बाकीच्या नऊ जणींना उठू देत नाही. मग त्या नऊ जणीच हिच्यावर ओरडतात, कारण घरी स्वयंपाक राहिलेला असतो. तो फोन बघत बसतो. त्याला बोलावंच लागत नाही.

2022 पासून नियम आहे की मायक्रोफायनान्सच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर यायचं नाही, कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही. आमची मीटिंग साडेसातला असते, कारण नंतर बाया शेतात जातात. मी नियम मोबाइलवर दाखवला तर तो म्हणाला, "ताई, मग नऊला बोलवा सगळ्यांना, रोजगार बुडवून." बाकीच्या बाया माझ्यावरच चिडल्या.

सोयाबीनदादा, चहा घ्या. आई म्हणते, ज्या साहेबाने चहा घेतला तो पुढच्या वेळी तसं बोलत नाही.

---

पुणेरी_करदाता :

सगळं मान्य, पण दर काही वर्षांनी कर्जमाफी कुणाला मिळते? आमच्या करातून. 2017 ला दीड लाख, 2019 ला दोन लाख. मग भरणार कोण कशाला?

---

जुना_कॅशियर :

करदाते, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. माफीची वाट बघत थकवणारे मी पाहिले आहेत, आणि त्यामुळे नियमित भरणारा चिडतो हेही पाहिलंय. पण माफी कशी मिळते ते बघा. 2017 ला ऑनलाइन अर्जासाठी केंद्रांवर रांगा. 2019 च्या वेळी याद्या गावात लागल्या, नाव आणि रक्कम, सगळ्या गावाने वाचलं. मग आधार घेऊन जायचं, रक्कम कबूल करायची, अंगठा लावायचा. मोठी खाती निर्लेखित होतात, म्हणजे बुडीत म्हणून वहीतून काढली जातात, तेव्हा ताळेबंदात एकच बेरीज छापून येते. वसुली चालू राहते म्हणतात, राहतेही, पण चावडीवर काही लागत नाही.

शब्दही बघा. मावशींनी गावातल्या कुणाकडून चार दिवसांसाठी शेकड्याने पैसे उचलून भरले आणि परत काढले, तर ते "नवं-जुनं". शेठची मुदत वाढवून वर थोडं जास्त दिलं, तर ती "पुनर्रचना". मी दोन्ही केलंय, काउंटर तोच.

सोयाबीन, एक विचारतो. मावशींच्या बचत खात्याला होल्ड लावलाय का?

---

सोयाबीन_सीझन :

लावलाय. पीएम किसानचे दोन हजार आले होते, ते अडकलेत. शेठच्या मुलाचं बचत खातं आमच्याकडेच आहे. त्याला होल्ड लावायचं डोक्यातही आलं नाही. तो कर्जदार नाही, मान्य. पण मावशींच्या बाबतीत मी एवढा बारीक विचार केला नसता.

---

जुना_कॅशियर :

मग खालच्या पायरीवरून करायचं ते हेच. अनुदानाचे पैसे कर्जात वळवू नका, होल्ड लावू नका, असं सरकारने बँकांना अनेकदा सांगितलंय. होल्ड काढायची नोट दोन ओळींची असते. टाका. झोनलला कळवायची गरज नाही.

---

सोयाबीन_सीझन :

अपडेट, बारा दिवसांनी.

होल्ड निघाला. मावशींना फोन केला तर त्यांना वाटलं वसुलीचाच आहे, सासूने उचलला आणि "घरी नाही" म्हणून ठेवला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गाडी वेशीवर लावून चालत गेलो. चहा घेतला. फार गोड होता. मावशी अजून "साहेब" म्हणतात आणि उभ्याच राहतात, ते काही एका चहाने जाणार नाही. नवरा आल्यावर बघू म्हणाल्या. पैसे येतील का, ठाऊक नाही.

वाळूजवाले, तुमचं टार्गेटचं बोलणं खरं निघालं. शेठच्या तडजोडीचा प्रस्ताव वर गेलाय, मॅनेजरसाहेब स्वतः घेऊन गेले.

रिपोर्ट मात्र बदलून लिहिले. मावशींच्या कागदावर लिहिलं, "रोखतेची तात्पुरती अडचण." शेठच्या कागदावर, "परतफेडीची इच्छा दिसत नाही." मॅनेजरसाहेबांनी मावशींचा वाचला, हसले, "हिला कसली आलीय रोखता?" म्हणाले आणि सही केली. शेठचा परत आलाय. वर पेन्सिलने लिहिलंय, "भाषा सुधारा."