पोटॅशच्या गोण्यांशेजारी पडून राहिलेलं येझदीचं इंजिन: उघडायचं कसं?

केळीवाला_रावेर

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातून लिहितोय. आमच्या थोरल्या काकांची येझदी २५० मोटरसायकल आहे. ऐंशीच्या दशकात काका ती मातीतल्या शर्यतींना न्यायचे. त्यामुळे दोन्ही सायलेन्सर वर उचलून घेतलेत, मागचं मडगार्ड छाटलंय, हँडल रुंद बसवलंय. फ्रेम घरी ओसरीत होती, ती बरी आहे. इंजिन मात्र मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होतं आणि त्याला खेटून खताच्या गोण्या रचलेल्या. केळीला पोटॅश भरपूर लागतं, त्यामुळे त्या कोपऱ्यात गोण्या कायमच्या. पावसाळ्यात गोण्यांना पाणी सुटायचं, ते थेट इंजिनाखाली.

आता अवस्था सांगतो. क्लचच्या बाजूच्या कव्हरवर चुन्यासारखी पांढरी भुकटी आलीय. नखाने खरवडली की खाली खड्डे दिसतात. कार्ब्युरेटर काढून ठेवला होता, इनटेकच्या तोंडात फडकं कोंबलेलं. एक्झॉस्टच्या दोन्ही तोंडांत कुंभारीण माशीने मातीची घरं केलीत. किक एक इंचसुद्धा खाली जात नाही. प्लग निघाला, आतून गंजाचं लाल पाणी आलं. मी डिझेल ओतून ठेवलंय.

गावातले एक मेकॅनिक म्हणतात, गाडीत बसवून गिअर टाकू आणि ट्रॅक्टरने ओढू, सुटेल. दुसरे म्हणतात, भंगारातून दुसरं इंजिन घे. मला हेच इंजिन चालू करायचंय. काकांनाही तेच हवंय. इंजिनाची केस (बाहेरचं खोकं) वाचेल का? जाम झालेला पिस्टन सुटेल कसा? आणि सिलिंडरचं बोरिंग (आतून कापून नवं माप करणं) आपल्या भागात कुठे धड होतं?

तापीकाठ_शिरपूर

भाऊ, घाई नको करू. सगळं खोल आणि सँडब्लास्टिंग करून टाक, नव्यासारखं चकचकीत होतं. गंजासाठी साखर कारखान्याची मळी पाण्यात मिसळून त्यात भाग बुडवून ठेवायचे. मी ट्रॉलीचे हुक असेच साफ केलेत, एकदम कोरे निघाले. दुसरं इंजिन घेण्याच्या फंदात मात्र पडू नको. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो, बदललं की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, आणि भंगारातल्या इंजिनाचे कागद कोण देणार?

नाना_मिस्तरी_भुसावळ

रावेरवाल्या भाऊ, आधी ट्रॅक्टरचा विचार डोक्यातून काढ. पिस्टन जाम असताना चाकाकडून जोर लावला तर तो जोर गिअरच्या दातांवर, प्रायमरी चेनवर आणि कॉनरॉडवर (पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा) जातो. गंजाची चिकट सुटायच्या आधी यातलं काहीतरी तुटतं. किकवर उभं राहणंही बंद कर. येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच, आतली किकची दातेरी फोडलीस तर गिअर टाकायचाही त्रास होईल.

शिरपूरच्या दादांची मळी लोखंडाला उत्तम आहे, माझाही तोच अनुभव. पण इंजिनाची केस अ‍ॅल्युमिनियमची. मळीच्या पाण्यात ती ठेवली तर गंज जाण्याऐवजी धातूच खाल्ला जाईल. कॉस्टिक सोड्याने तर त्याहून लवकर. मळीत काय टाकशील? किकचा दांडा, स्प्रॉकेट, नटबोल्ट. बस. आणि सँडब्लास्टिंगची वाळू केसच्या ऑइलच्या भोकांत, बेअरिंगच्या बैठकीत अडकून राहते. कितीही धुतली तरी एखादा कण राहतोच आणि नवीन बेअरिंग पहिल्या आठवड्यातच आवाज करायला लागतं. कव्हरं बाहेरून चकचकीत करायची असतील तर शेवटी, ती सुटी असताना करा. केसला वाळू दाखवू नका.

आता पांढऱ्या भुकटीचं. केळीला घालतात ते पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा म्युरेट ऑफ पोटॅश, पोटॅशियम क्लोराइड. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, तोच त्याला एरवी वाचवतो. क्लोराइड हा थर फोडतं आणि तिथून खड्डा खोल जात राहतो, वरून भुकटी तेवढी दिसते. क्षार आत असेपर्यंत हे काम चालूच राहणार. म्हणून इंजिन खोलल्यावर पहिलं काम कडक गरम पाणी, साबण आणि नायलॉनचा ब्रश. पुन्हा पुन्हा धू, शेवटचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत, मग उन्हात कोरडं कर. आपलं ऊन या कामाला फार उपयोगी आहे.

धुतल्यावर बाहेरचे खड्डे बघत बसू नको. बाहेर कितीही कुरूप दिसली तरी केस चालते. तुला तीन जागा बघायच्या: दोन केस जिथे एकमेकींना मिळतात ती कड, बेअरिंगच्या बैठका, आणि सिलिंडर जिथे बसतो ते तोंड. पहिल्या आणि तिसऱ्या जागी आतून बाहेरपर्यंत आरपार जाणारा खड्डा असेल तर टिग वेल्डिंगने भरून लेथ-मिलिंगवर सपाट करावं लागेल. साधी इपॉक्सी पुट्टी तिथे भरू नको, पेट्रोल आणि उष्णता तिला टिकू देत नाही. आरपार नसेल तर जाड काच घे, तिच्यावर ४०० नंबरचा पाणकागद ठेव आणि कड आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरव. आधी कडेला मार्करने काळं कर. काळं जिथे राहील तिथे धातू खाली बसलाय असं समजायचं.

जाम सोडवायच्या आधी हेड काढ. नट निघत नसतील तर रोज तेल सोडत जा, पान्याला पाइप लावून ताकद करू नको, स्टड तुटतात. हेड निघालं की पिस्टन वरून किती खाली आहे ते मोज. येझदीचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर. पिस्टन अगदी तळाला अडकला असेल तर एक्झॉस्टची तोंडं उघडी राहिली आणि क्रँकचा बिग एंड (कॉनरॉडचं खालचं टोक) केसच्या तळातल्या पाण्यात बसला, म्हणजे सगळ्यात वाईट. पिस्टन वरच्या अर्ध्यात असेल तर बिग एंड पाण्याच्या वर राहिला असण्याची आशा आहे. या एका मापावरून पुढचा निम्मा खर्च कळतो.

एक गोष्ट ध्यानात ठेव. सिलिंडर बिडाचा आहे, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. नुसतं तापवल्याने पिस्टन सैल होत नाही, अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं आणि तो उलट आवळतो. गरम करायचं, गार होऊ द्यायचं, मग तेल सोडायचं, पुन्हा गरम. या चढउतारात गंजाची पापडी सुटते आणि तेल आत झिरपतं. तेल म्हणून अ‍ॅसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल निम्मं-निम्मं घे, डिझेलपेक्षा लवकर शिरतं. पण अ‍ॅसिटोनजवळ आग नको. गरम करायचं ते हॉट एअर गनने, आणि अ‍ॅसिटोन घालायच्या आधी सिलिंडर हाताला पूर्ण गार लागला पाहिजे.

काही जण प्लगच्या भोकातून ग्रीस गनने दाब देतात. पिस्टन सगळ्या पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या तोंडांच्या) वर असेल तरच ते जमतं. पोर्ट उघडा असेल तर सगळं ग्रीस एक्झॉस्टने बाहेर येतं.

माप घे आणि इथे लिही.

केळीवाला_रावेर

नाना, हेड निघालं. पिस्टन वरून साधारण २० मिलिमीटर खाली आहे, एक्झॉस्टचे पोर्ट बंद दिसतात. वरच्या भागात सिलिंडरला लाल गंज आणि हाताला लागतील असे खड्डे. तुमच्या पद्धतीने गरम-गार करत आणि तेल सोडत राहिलो. नंतर बाभळीचा गोल ठोकळा करून पिस्टनवर हलके ठोके दिले. काल संध्याकाळी तो किंचित हलला, आज सिलिंडर हाताने वर निघाला. कॉनरॉडला वरखाली ओढून बघितलं, खेळ जाणवत नाही. बाजूला मात्र थोडा सरकतो. क्रँक हाताने फिरतो पण खरखरतो. क्लच कव्हरच्या दोन स्क्रूंची डोकी घासून गेलीत. आता पुढे?

लेथवाला_धुळे

भाऊ, नानांनी सांगितलंय त्यात भर घालतो. धुळ्याला माझं लेथचं काम आहे, जुन्या टू-स्ट्रोकचे सिलिंडर माझ्याकडे येत असतात.

स्क्रूंसाठी हातोडी मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियम गनने तापवा आणि मग मारा. डोकं पूर्ण गेलं असेल तर फक्त डोकं ड्रिलने उडवा. कव्हर निघाल्यावर राहिलेला दांडा ग्रिप प्लायरने सुटतो, कारण ताण गेलेला असतो.

बोरिंगला नुसता सिलिंडर घेऊन कुठेही जाऊ नका. आधी पिस्टन हातात हवा. स्टँडर्ड बोअर ६५ मिलिमीटर, त्यावर ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन) पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. तुमचे खड्डे किती खोल आहेत ते बोअर गेजने बघून कोणती साइझ लागेल ते ठरतं, मग त्या साइझचा पिस्टन आणायचा आणि पिस्टनवर मायक्रोमीटर लावून त्याच्या मापाने बोअर करायचा. पिस्टनच्या पाकिटावर क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली मोकळीक) लिहिलेला असेल तर त्याच्या वरच्या मर्यादेकडे ठेवायला सांगा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि शेतरस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये तासभर चालणाऱ्या एअरकूल्ड इंजिनाला टाईट पिस्टन मानवत नाही. सगळ्यात मोठ्या ओव्हरसाइझलाही खड्डे निघत नसतील तर स्लीव्ह (आतून नवी नळी) टाकून पुन्हा ६५ वर आणता येतं. सिलिंडर फेकायची गरज नाही.

बोरिंग-होनिंग झालं की पोर्टच्या कडांवर बोट फिरवा. धारदार लागल्या तर काम अर्धवट आहे. त्या कडा बारीक कानसाने मोडून घ्याव्याच लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. बरीच दुकानं हे करत नाहीत, समोर उभं राहून करून घ्या. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फीलर गेजने मोजा, या बोअरला पाव मिलिमीटरच्या पुढेमागे चालेल. फट शून्य असेल तर तशी चढवू नका.

क्रँक खरखरतोय म्हणजे मेन बेअरिंग गंजलीत. ती बदलाच. बिग एंडला वरखाली खेळ नाही ही चांगली बातमी, पण रॉकेलने धुऊन, तेल घालून पुन्हा फिरवा. अजून खडखड लागली तर क्रँक प्रेसवर उघडून नवीन पिन, रोलर आणि रॉड टाकावा लागेल. ते काम डायल गेज आणि व्ही-ब्लॉक असलेल्याकडेच द्या. जोडल्यावर दोन्ही टोकांचा लडखडाट ०.०३ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. हातोडीने अंदाजे सरळ करणाऱ्याकडे देऊ नका.

नाना_मिस्तरी_भुसावळ

धुळ्याच्या दादांनी पोर्टच्या कडांचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे.

केस उघडताना डायनामोचा रोटर आणि क्लचकडचं इंजिन स्प्रॉकेट, दोन्ही पुलरनेच (ओढून काढायच्या हत्यारानेच) काढ. टेपरवर बसलेल्या स्प्रॉकेटला हातोडी मारली की क्रँक वाकतो. केसच्या सांध्यात पेचकस घालून उचकटायचं नाही. तिथला एक ओरखडा म्हणजे कायमची गळती.

जुनी बेअरिंग ठोकून काढू नको, घरच्या ओव्हनमध्ये मावत असेल तर केस ११० डिग्रीपर्यंत तापव. लाकडावर आपटली की बेअरिंग आपोआप खाली पडतं. नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. समज ६२ मिलिमीटर बाहेरच्या मापाचं बेअरिंग आहे: गरम केस आणि गार बेअरिंग मिळून जवळपास ०.१५ मिलिमीटर मोकळीक मिळते. बोटाने बसतं. तसं बोटाने बसलं आणि केस गार झाल्यावरही बाहेरची रिंग फिरली, तर बैठक क्षाराने खाल्लीय. तिथे लॉकटाइट लावून पुढे जाऊ नको, केस मला दाखव. नंबर जुन्या बेअरिंगवरून वाच आणि सी३ मागून घे. आतली मोकळीक जास्त असते, तापणाऱ्या टू-स्ट्रोकला तीच हवी.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि मेकॅनिक लोक हेच करत नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये केस हाच पंप आहे. तिथे बाहेरची हवा आत शिरली तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि नवीन पिस्टन पुन्हा जाम. तुझी केस खाऱ्या पाण्याने खाल्लेली, म्हणून इंजिन फ्रेममध्ये चढवायच्या आधी दाब देऊन तपासायचंच. त्यासाठी महागडं यंत्र नको, बीपी मोजायचं डायलवालं जुनं मशीन पुरतं. इनटेक आणि दोन्ही एक्झॉस्ट जाड रबर आणि पट्टीने बंद कर, प्लगच्या भोकात रबरी बूच घालून त्यातून बीपीची नळी आत घे. गोळा दाबत काटा ३०० पर्यंत ने, तो दाब चौरस इंचाला साधारण सहा पौंड होतो, आणि झडप घट्ट बंद कर. पाच-सहा मिनिटं काट्याकडे बघत राहा. हलला नाही तर केस पास. उतरला तर ब्रशने साबणाचं पाणी लाव: सिलिंडरच्या बुडाशी, केसच्या सांध्यावर, मग उजवीकडे डायनामोमागच्या सीलवर. बुडबुडा येईल तिथे गळती. बाहेर कुठेच बुडबुडा नाही आणि काटा उतरतोय, तर डावीकडचं सील बघ. ते गळलं की गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं, धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा पडत जातो. सील दोन्ही नवीनच घाल, जुनं रबर कितीही मऊ लागलं तरी.

चालू करताना पेट्रोलच्या लिटरला ५० मिलि टू-टी तेल, सुरुवातीच्या टाक्यांना यात काटकसर नाही. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा कर. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं चालव, पूर्ण गार होऊ दे, असं काही वेळा कर आणि मग गार असतानाच हेडचे नट पुन्हा आवळ. मळ्यातली काळी धूळ बारीक असते, म्हणून एअर फिल्टरशिवाय बांधावर नेऊ नको. फोमचा फिल्टर घे आणि त्याला तेल लाव.

केस धुतल्यावर तिन्ही जागांचे फोटो टाक. टिग वेल्डिंग लागेल असं दिसलं तर भुसावळला घेऊन ये, करणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे.

केळीवाला_रावेर

नाना, दादा, खूप आभार. बीपीचं मशीन काकांचंच घरी पडून आहे. रविवारी केस धुतो आणि फोटो टाकतो. तोवर पोटॅशच्या गोण्या दुसऱ्या शेडला हलवल्यात.