‘सिल्व्हन’ला मराठीत काय म्हणावे?

इंग्रजी उताऱ्यातील ‘सिल्व्हन सराउंडिंग्ज’चे (sylvan surroundings, म्हणजे वनाने वेढलेला परिसर) भाषांतर मुलांनी ‘जंगली परिसर’ असे केले आणि ते खटकते, पण नेमके का ते सांगता येत नाही, असे मुलांना शिकवणाऱ्या एका ताईंनी लिहिले आहे. ‘जंगल’वरून ‘जंगली’ हे मुलांनी व्याकरणाने बरोबरच बनवले. अडचण अर्थच्छटेची आहे.

लॅटिनमध्ये ‘सिल्वा’ म्हणजे वन. पेनसिल्व्हेनिया म्हणजे पेन आडनावाच्या माणसाचे वन, ट्रान्सिल्व्हेनिया म्हणजे वनापलीकडचा मुलूख, आणि वनसंवर्धनाला इंग्रजीत ‘सिल्व्हिकल्चर’ म्हणतात तेही याच मुळामुळे. पण ‘सॅव्हेज’, म्हणजे रानटी, हा शब्दही फ्रेंचमार्गे याच कुळातून आला आहे. एकाच वनातून इंग्रजीला एक रम्य आणि एक क्रूर विशेषण मिळाले; आपले ‘रानटी’ आणि ‘जंगली’ मात्र दोन्ही त्या क्रूर विशेषणाच्याच वाटेने गेले.

‘सिल्व्हन’मध्ये झाडांची दाटी, सावली आणि निवांतपणा आहे. तो लेखी, काहीसा काव्यमय शब्द आहे. चैतात पहाटे अंधारातच मोहाच्या झाडाखाली पोहोचून, पाचोळा जाळून साफ केलेल्या जमिनीवरची ओलसर फुले टोपल्यात वेचणाऱ्या आणि अस्वलाच्या चाहुलीकडे कान लावून असणाऱ्या बाईच्या जंगलाला हा शब्द लागू पडत नाही, असे मला मनापासून वाटते. तो वनाकडे शांतपणे पाहणाऱ्याचा शब्द आहे.

‘वन्य’ने वन्यप्राणी डोळ्यांपुढे येतात आणि ‘आरण्यक’ने वैदिक ग्रंथ. ‘रानातला’ म्हटले तर पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला शेत आठवेल, कारण आपण विदर्भात ज्याला वावर म्हणतो त्याला तिकडे रान म्हणतात. म्हणून एकच प्रतिशब्द ठरवून न देता पुढचे नाम पाहावे: परिसर असेल तर ‘वनराईने वेढलेला’, सौंदर्य असेल तर ‘वनश्रीची शोभा’, पायवाट असेल तर ‘गर्द झाडीतली’.

मला स्वतःला ‘झाडी’ सर्वांत जवळचा वाटतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागाला आपण झाडीपट्टी म्हणतो, त्या नावात वन आहे आणि रानटीपणाचा लवलेश नाही. ताई, मुलांना ‘झाडीत वसलेले गाव’ असे लिहायला सांगून पाहा. त्यांतील बहुतेकांना ते गाव दाखवायला लांब जावे लागणार नाही.