प्रति: स्टॉकसाठी कॅमेरा कोणता घ्यावा?

भारी कॅमेरा नसेल तर स्टॉक फोटोग्राफीच्या (म्हणजे वेबसाइटवरून कुणालाही वापरायला फोटो विकण्याच्या) वाटेला जाऊ नये, हे वरचं मत मला पटत नाही. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या असे फोटो विकणाऱ्या साइट्स, दोन्हीकडे किमान मर्यादा ४ मेगापिक्सेलची आहे. स्वच्छ उजेडात काढलेला मोबाइलचा फोटोसुद्धा चालतो.

नवीन माणूस अडतो तो परवानगीपाशी, आणि त्याबद्दल इथे कुणीच बोललेलं नाही. वारीतल्या वारकऱ्याचा चेहरा ओळखू येत असेल, तर त्याच्या सहीचं मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायची लेखी परवानगी, असल्याशिवाय तो फोटो जाहिरातीच्या वापरासाठी देता येत नाही. शटरस्टॉकवर असा फोटो ‘एडिटोरियल’, म्हणजे फक्त बातम्या-लेखांत वापरायचा, म्हणून देता येतो, पण मग कॅप्शनमध्ये ठिकाण आणि तारीख हवीच. कपड्यावरचा किंवा बाटलीवरचा लोगोही तितकाच अडचणीचा. म्हणून सुरुवात घरातून करा: पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, लाटताना दिसणारे नुसते हात. माझे विकले गेलेले बहुतेक फोटो असेच बिनचेहऱ्याचे आहेत.

आणि कीवर्ड, म्हणजे ज्यांवरून फोटो शोधला जातो ते शब्द, कंटाळा न करता लिहा. अडोबी स्टॉकवर त्यांचा क्रमही धरला जातो, त्यामुळे नेमके शब्द पहिल्या दहांतच यायला हवेत.