आईचं वजन ९८ किलो. गुडघा बदलायचा की आधी वजन उतरवायचं?

निफाडची_लेक
आईचं वय ६४, उंची १५२ सेंमी, वजन ९८. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४२ च्या वर जातो. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. संडासातून उठतानाही कुणीतरी धरावं लागतं. एक सर्जन म्हणाले, १५ किलो कमी करून या. दुसरे म्हणाले, पुढच्या महिन्यात घेऊ. जिला चार पावलं टाकवत नाहीत तिनं वजन उतरवायचं कसं? साखरही आहे. कृपया अनुभव सांगा.

पंचगंगाकाठी
ताई, आमच्या हिचं वजन ९४ होतं तेव्हा उजवा गुडघा केला. जखम सुकायला बराच वेळ लागला, तेवढे दिवस फार काळजीत गेले. पण आता ती भाजी आणायला एकटी जाते. वजन मात्र तेवढंच आहे. चालायला लागली की आपोआप उतरेल, या भरवशावर राहू नका.

फिजिओ_सातारा
मी ऑपरेशननंतरचे व्यायाम घेते, असे पेशंट रोज बघते. जाड माणसाला या ऑपरेशनचा गुण येत नाही, हे खरं नाही. दुखणं त्यांचंही चांगलंच कमी होतं. धोका वाढतो तो जखमेचा आणि जंतुसंसर्गाचा, आणि बीएमआय ४० च्या पुढे जास्त. आत संसर्ग झाला तर कधीकधी बसवलेला सांधा काढून पुन्हा सगळं करावं लागतं. म्हणून काही सर्जन थांबवतात, त्यात त्यांचं चुकत नाही. पण नुसत्या बीएमआयच्या आकड्यासाठी ऑपरेशन लांबवू नये, असं अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेरोपण सर्जनांच्या संघटनांनी २०२३ साली मिळून सांगितलंय. साखर ताब्यात नसेल तर मात्र आधी ती आणा, असंही त्यांनीच म्हटलंय. आईंची तीन महिन्यांची साखर किती आहे?

निफाडची_लेक
एचबीए१सी ९.१.

फिजिओ_सातारा
मग पुढच्या महिन्याची घाई नको. आधी साखरेच्या डॉक्टरांकडे जा. तोवर त्यांना उपाशी ठेवू नका, हे कळकळीनं सांगते. वजन उतरवायचं म्हणून बायका नुसत्या भाकरीच्या तुकड्यावर राहतात, प्रथिनं कमी पडतात आणि मग जखम भरत नाही. डाळ, उसळ, ताक, खात असतील तर अंडी, हे रोज पोटात जाऊ दे. भात-साखर कमी करा.

१५ किलो झेपत नसतील तर पाच-सहा तरी बघा. एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो, आणि सहा गेले तर बीएमआयही ४० खाली येईल. त्यासाठी चालायला हवंच असं नाही, वर सांगितलेलं खाणं सांभाळा. आणि मांडीच्या ताकदीसाठी एक व्यायाम: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पलंगावरच पाय दाबायचा, पाच आकडे मोजून सोडायचा. मांडीत ताकद असेल तर नंतर पाय लवकर उचलला जातो.

सर्जनना दोन गोष्टी विचारा: एका वेळी एकच गुडघा करणार का, आणि वजन जास्त म्हणून बसवायच्या सांध्याच्या खालच्या भागाला लांब दांडी लावणार का. आणि घरी कमोड आत्ताच बसवून घ्या.